गाडीचा खर्च आधी धरा

ज्येष्ठांच्या एका फिरत्या नाटकमंडळासाठी मी गेली काही वर्षं विंगेत संहिता घेऊन उभी राहते. कुणाचं वाक्य अडलं की पुढचा शब्द हळूच द्यायचा, एवढंच माझं काम. या मंडळाने एकदा अनुदानासाठी अर्ज केला. तालमीला खोली मंजूर झाली, दिग्दर्शकाचं मानधन मंजूर झालं, पोशाखांसाठीही थोडी रक्कम मिळाली. एकच रकाना खोडलेला होता, गाडीचा. शेजारी शेरा होता: ‘प्रवासाची आवश्यकता दिसत नाही.’ चौकशीला गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या बाईंनी अगदी मायेने समजावलं, “अहो, या वयात त्यांना कशाला दगदग? इथल्या इथे करू द्या की. मन रमलं म्हणजे झालं.”

माझ्याबरोबर आलेल्या काकू ७४ वर्षांच्या होत्या. आमच्या नाटकात त्या पोस्टमनचं काम करतात. तिथे त्या काहीच बोलल्या नाहीत. जिना उतरताना कठड्याला धरून थांबल्या आणि म्हणाल्या, “मन रमवायला माझ्याकडे टीव्ही आहे गं.”

त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं. म्हातारपण आक्रसत जातं ते बहुतेक वेळा अशाच मायेपोटी. आधी रात्रीचं बाहेर पडणं बंद होतं, मग एकट्याने जाणं, मग जिना, मग रस्ता ओलांडणं. दर वेळी कारण खरं असतं आणि दर वेळी सांगणारं माणूस आपलंच असतं. शेवटी उरते एक खोली आणि तिच्यात वेळ घालवायची साधनं. ज्येष्ठांच्या नाटकाला खोली द्यायची आणि गाडी नाकारायची, हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. माझं म्हणणं असं आहे की अशा मंडळाचं फिरणं हा नाटक झाल्यावर वरून लागणारा खर्च नव्हे. फिरणं हेच त्याचं काम आहे. सार्वजनिक पैसा थोडाच असेल तर तो आधी गाडीवर खर्च व्हावा. नेपथ्य, दिवे, पोशाख यांच्यावाचून नाटक होतं. गाडीवाचून होते ती फक्त तालीम.

असं का म्हणते ते सांगते. उतारवयात सगळं माणसाकडे येत असतं. औषधं येतात, तपासायला नर्स येते, सुट्टीत नातवंडं येतात, आणि करमणुकीचा कार्यक्रमही येतो. उत्साही तरुण मंडळी येऊन जुनी गाणी म्हणतात, फोटो काढतात आणि निघून जातात. सगळ्यांचा हेतू चांगला असतो, पण दिशा एकच असते. येणाऱ्याने द्यायचं आणि बसलेल्याने घ्यायचं. फिरतं नाटकमंडळ ही दिशा उलटी करतं. आता आपल्याला कुठे तरी जायचं आहे, तिथे लोक खुर्च्या मांडून बसले आहेत, अकराचा प्रयोग आहे आणि आपण पोहोचलो नाही तर तो होणार नाही. ‘माझ्यावाचून कुणाचं तरी अडेल’ ही जाणीव निवृत्तीनंतर हळूहळू सुटत जाते, आणि ती परत आणून देणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. समूहगानात एक आवाज कमी पडला तरी गाणं पुढे जातं. नाटकात पोस्टमन आला नाही तर पत्र पोहोचत नाही आणि गोष्ट तिथेच थांबते.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी आमच्या गाडीपाशी उभं राहिलं तर हे डोळ्यांनी दिसतं. दाराच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवलेली आहे: घडीच्या खुर्च्या दोन, टेबल एक, पत्रांची पिशवी, पुठ्ठ्याची टपालपेटी, मोठ्या अक्षरांतल्या संहितेच्या दोन प्रती, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, औषधांचे डबे. प्रत्येक डब्यावर नाव आणि वेळ. पोस्टमनच्या डगल्याला बटणं नाहीत, वेल्क्रो आहे, कारण काकूंची बोटं सांधेदुखीमुळे वळत नाहीत आणि दोन प्रवेशांच्या मध्ये डगला उतरवायला त्यांच्याकडे जेमतेम चाळीस सेकंद असतात. वेल्क्रो उचकटताना मोठा आवाज होतो. पहिल्या दोन प्रयोगांत तो समोरपर्यंत ऐकू गेला. मग दिग्दर्शकाने त्याच क्षणाला दार आपटण्याचा आवाज घातला. आता काकू विंगेत डाव्या हाताने डगल्याची कड धरून उभ्या असतात, समोर दार आपटतं आणि त्याच झटक्यात डगला सुटतो. हे जमवायला तीन आठवड्यांच्या तालमी लागल्या.

गाडीत चढायला एक लाकडी पायरी आहे. आमच्यातल्या एका काकांनी आयुष्यभर सुतारकाम केलं, त्यांनीच ती बनवली. दोन्ही बाजूंना हात धरायला दांड्या, वर खरखरीत पट्टी, खाली रबर. ती पायरी गाडीबरोबर सगळीकडे येते, कारण जिथे जाऊ तिथे ती लागतेच. एका संस्थेने आमच्यासाठी खास उंच रंगमंच उभारला होता. फुलं लावली होती, मागे पडदा होता. वर जायला पाच उंच पायऱ्या आणि कठडा नाही. आमच्या नऊ कलाकारांपैकी चौघांना वर चढता आलं असतं. आम्ही खाली जमिनीवर प्रयोग केला, पहिल्या रांगेपासून चार हातांवर, आणि तो त्या मोसमातला सगळ्यांत रंगलेला प्रयोग ठरला. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना नीट ऐकू येत नव्हतं. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स्वर पोहोचतात, पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं निसटतात आणि शब्द ओळखू येत नाही. अशा माणसाला ओठ दिसले तर वाक्य पुरं होतं. उंच रंगमंचावरून ओठ दिसले नसते.

हे तपशील मी मुद्दाम सांगते आहे. ज्येष्ठांचं नाटक म्हणजे नेहमीचंच नाटक थोडं सैल, थोडं हळू आणि थोडं चुकत केलेलं, असा समज सगळीकडे आहे. तो खरा नाही. या रंगभूमीचं स्वतःचं तंत्र आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर नजर सरावायला त्याला जास्त वेळ लागतो. म्हणून आमच्याकडे प्रवेशाच्या शेवटी ब्लॅकआउट, म्हणजे सगळे दिवे एकदम मालवणं, नसतो. अंधारात पाऊल चुकून मोडलेलं खुब्याचं हाड या वयात जिवावर बेतू शकतं. प्रवेश उजेडातच बदलायचा, मग तो बदल हाच एक छोटा प्रवेश झाला पाहिजे, हे दिग्दर्शकाला सुचावं लागतं. काठी लपवायची की पात्राच्या हातात द्यायची, चष्मा काढला तर रंगमंचाची कड दिसेल का, बसलेल्या पात्राला उठायला आधार कुठून मिळेल, आणि तो आधार दुसऱ्या पात्राने दिला तर त्या दोघांचं नातं काय दिसेल, हे सगळे दिग्दर्शनाचेच प्रश्न आहेत.

जगात हे काम आज सुरू झालेलं नाही. अमेरिकेत ओकलंडला १९७८ साली स्टुअर्ट कँडेल यांनी ‘स्टेजब्रिज’ सुरू केलं. तिथले ज्येष्ठ कलाकार आणि कथेकरी शाळांमध्ये जाऊन मुलांना गोष्टी सांगत आले आहेत. लंडनमध्ये १९८३ साली पॅम श्वाइट्झर यांनी ‘एज एक्सचेंज’ उभं केलं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, त्यांच्याच शब्दांतून नाटक बांधायचं आणि ते वृद्धाश्रमांतून, ज्येष्ठांच्या वसाहतींतून फिरवायचं, अशी त्यांची पद्धत. सुरुवातीला ही नाटकं व्यावसायिक नट करत. पुढे ज्येष्ठ स्वतःच उभे राहू लागले. मला त्यातला हा दुसरा टप्पा मोलाचा वाटतो. आपली आठवण तरुण नटाच्या तोंडून ऐकणं सुखाचं असतं. पण ती स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या थांब्यांसह सांगायला मिळणं वेगळं. पहिल्यात आपण विषय असतो, दुसऱ्यात कर्ते.

आणि जपानमधला सायतामा प्रांत. युकिओ निनागावा हा जगभर नावाजलेला दिग्दर्शक. त्याने २००६ साली ५५ वर्षांवरच्या माणसांची ‘सायतामा गोल्ड थिएटर’ ही मंडळी उभी केली. अर्ज हजाराच्या वर आले, निवड झाली ती थोड्यांचीच, आणि त्यांतल्या बहुतेकांना रंगमंचाचा अनुभव नव्हता. निनागावा स्वतः तेव्हा सत्तरीत होता आणि शिस्तीला कडक म्हणून ओळखला जायचा. ही मंडळी पॅरिसपर्यंत जाऊन प्रयोग करून आली. निनागावा २०१६ साली गेला. मंडळी २०२१ पर्यंत चालली. ‘वेळ जावा म्हणून काही तरी’ अशा भावनेवर पंधरा वर्षं निघत नाहीत.

आता एका अवघड मुद्द्याकडे येते, कारण माझ्याच बाजूची माणसं इथे माझ्याशी भांडतात. अनुदान मागताना आम्ही आरोग्याचा आधार घ्यावा, असं अनेकांना वाटतं. आधार आहेही. हेल्गा नोइस या मानसशास्त्रज्ञ आणि टोनी नोइस हे नट-दिग्दर्शक. या दांपत्याने २००४ साली सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० ते ८६ वयाची १२४ माणसं होती. एका गटाला चार आठवडे अभिनय शिकवला, दुसऱ्याला चित्रकलेची ओळख करून दिली, तिसऱ्याला काहीच नाही. अभिनयाच्या गटाची शब्द आठवण्याची आणि अडचण सोडवण्याची क्षमता वाढलेली दिसली, आणि तीही स्मरणशक्तीचे कोणतेही वेगळे व्यायाम न घेता. त्यांच्या इतर कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी विंगेत उभ्या राहणाऱ्या कुणालाही पटेल: चांगला नट वाक्यं घोकत नाही. हे पात्र हे आत्ता का बोलतंय, याचा तो शोध घेतो, आणि त्या शोधात वाक्य लक्षात राहून जातं. हालचालीला जोडलेलं वाक्य तर आणखी पक्कं बसतं. प्रेक्षकांच्या बाजूनेही पुरावा आहे. डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधल्या ५० वर्षांवरच्या ६,७१० माणसांचा चौदा वर्षं मागोवा घेतलेली माहिती तपासली आणि २०१९ साली निष्कर्ष मांडला: दर काही महिन्यांनी तरी नाटक, मैफल, संग्रहालय अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातला मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. हा केवळ निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, नाटक पाहिल्यामुळेच आयुष्य वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी उत्पन्न, शिक्षण, तब्येत अशा गोष्टी हिशेबात धरूनही तो टिकून राहिला.

हे सगळं मला मान्य आहे. तरीही अनुदानाच्या अर्जात हे पहिलं कारण म्हणून लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. नाटकाला औषध म्हणून पैसे मिळाले की औषधासारखाच हिशेब मागितला जातो. सहा महिन्यांनी कुणी तरी प्रश्नावली घेऊन येतं आणि विचारतं की स्मरणशक्ती किती सुधारली. आमच्या मंडळात एक आजी आहेत, त्यांची स्मरणशक्ती सुधारणार नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. दर मोसमात त्यांची दोन-तीन वाक्यं कमी होतात. औषधाच्या हिशेबात त्या अपयश ठरतील आणि उद्या कुणी सुचवेल की त्यांच्या जागी ‘लाभ होण्याजोगी’ व्यक्ती घ्या. नाटकाच्या हिशेबात मात्र त्यांचं काय करायचं हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांना आता वाक्यं नाहीत. त्या खिडकीशी बसून पत्राची वाट पाहणाऱ्या बाई आहेत. पत्र आलं की त्या ते उघडतात आणि वाचतात. आत खरोखरच लिहिलेलं असतं, मोठ्या अक्षरात, आणि दर प्रयोगाला नवं. कोण लिहितं हे मंडळात पाळीने ठरतं. आजींना काही आठवावं लागत नाही. त्या पहिल्यांदाच वाचत असतात. चेहऱ्यावर जे उमटतं ते घोकून आणता येणारं नाही. मागे एकदा पत्रात ‘तुमच्या दारातलं झाड अजून आहे’ एवढंच होतं. त्यांनी ते वाचलं, कागद उलटा केला, मागे काही नाही असं पाहिलं आणि प्रेक्षकांकडे वळून विचारलं, “कुठलं झाड?” समोरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “चिंचेचं असेल.” दुसऱ्या कुणी आंब्याचं म्हटलं. पाच मिनिटं नाटक त्या झाडावर थांबलं. मी विंगेत संहिता मिटून उभी होते. काकू डगला हातात धरून थांबल्या होत्या, आणि कुणालाही पुढच्या वाक्याची घाई नव्हती.

विस्मरण झालेल्या माणसांबरोबर काम करणाऱ्यांना ही वाट परकी नाही. अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी १९९८ साली ‘टाइमस्लिप्स’ सुरू केलं. त्याचा गाभाच असा, की आठवण्याचा आग्रह सोडायचा आणि कल्पनेला वाव द्यायचा. २०११ साली मिलवॉकीच्या एका वृद्धनिवासात त्यांनी तिथले रहिवासी, कर्मचारी, विद्यार्थी आणि नट यांना घेऊन ग्रीक महाकाव्यातल्या पेनेलोपीची, वीस वर्षं नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईची गोष्ट उभी केली. प्रेक्षक त्या इमारतीतून चालत चालत नाटक पाहत गेले. काळजी घेण्याची जागा त्या दिवसांपुरती नाट्यगृह झाली होती.

म्हणून ज्येष्ठांच्या नाटकाचं मोल नाटक म्हणून व्हावं. इथे प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसची गोष्ट आठवते, जी रोमन लेखक सिसेरोने सांगून ठेवली आहे. सोफोक्लीस अतिशय म्हातारा झाला तरी नाटकं लिहीतच होता. घरदाराकडे त्याचं लक्ष नाही असं वाटून मुलांनी त्याला न्यायालयात उभं केलं. बाप आता कारभार पाहायला लायक नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याने नुकतंच लिहिलेलं, आंधळ्या म्हाताऱ्या ईडिपस राजाचं नाटक न्यायाधीशांपुढे वाचून दाखवलं आणि विचारलं, ही वेडगळ माणसाची कविता वाटते का? त्याला निर्दोष सोडलं. गोष्ट खरी असेल वा दंतकथा, मला तिच्यातली एक बाब महत्त्वाची वाटते. त्याने दया मागितली नाही, वयाची सबब पुढे केली नाही. आपलं काम पुढे ठेवलं आणि त्यावरून ठरवा म्हणाला.

आमच्या प्रयोगानंतर मात्र लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, प्रयोग कसाही होवो. “या वयात केवढा उत्साह!” हे वाक्य आमच्या कलाकारांनी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याने आता त्यांना आनंद होत नाही. एकदा प्रयोग खरोखरच पडला होता. दुसऱ्या प्रवेशात एन्ट्री चुकली, दोन वाक्यांच्या गोंधळात संपूर्ण पान सुटलं, लय गेली ती गेलीच. टाळ्या नेहमीइतक्याच झाल्या. परतताना गाडीत कुणी बोलेना. सुतारकाम करणारे काका खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “मी टेबल वाकडं बनवलं असतं तर गिऱ्हाइकाने घेतलं असतं का?” त्या दिवशी एखाद्याने तोंडावर सांगितलं असतं की दुसरा प्रवेश कोसळला, तर तो त्यांचा जास्त मोठा मान झाला असता. वर्तमानपत्रांत आमच्यावर येतं ते ‘ज्येष्ठांचा अनोखा उपक्रम’ म्हणून. परीक्षण येत नाही. समीक्षकांनी यावं, पहिल्या रांगेत बसावं आणि नाटकाबद्दल लिहावं, वयाबद्दल नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ साली वयावरून होणाऱ्या भेदभावाला वेगळं नाव दिलं, तेव्हा त्यांच्यासमोर तिरस्काराची उदाहरणं होती. मला वाटतं, कौतुकातूनही तोच भेद होतो. ज्याच्याकडून चांगल्याची अपेक्षाच नाही, त्याचंच काहीही केलं तरी कौतुक होतं.

गाडीवरचा आक्षेप जोखमीचा असतो: कुणी पडलं, कुणाला रस्त्यात काही झालं तर? याचं उत्तर भावनेने देऊ नये. जोखीम आहे. म्हणून गाडीत प्रथमोपचार जाणणारं माणूस असतं, प्रयोग दिवसा असतात, एका दिवशी एकच प्रयोग असतो, आणि प्रत्येक भूमिका दोघांनी बसवलेली असते. ही दुहेरी तयारी आजारपणासाठी असते आणि मृत्यूसाठीही. आमच्या दोन माणसांचं जाणं आम्ही असं निभावलं. गेलेल्याचा पोशाख दुसऱ्याने चढवला, त्याला बाह्या लांब झाल्या, आणि आम्ही त्या दुमडल्या नाहीत. पण घरात बसण्यालाही जोखीम आहे, ती फक्त कुठल्या रकान्यात लिहिली जात नाही. जागतिक आरोग्य संघटना एकटेपणा आणि तुटलेपण यांना ज्येष्ठांच्या आरोग्याचा गंभीर प्रश्न मानते. गाडीतून जाताना कुणाचा घोटा मुरगळला तर तो अपघात म्हणून नोंदला जातो. गाडी गेलीच नाही म्हणून कुणी महिनाभर कुणाशी धड बोललं नाही, तर त्याची नोंद कोण करणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आधी औषधं, आधी निवृत्तिवेतन, मग नाटक. मी औषधांतला एक पैसाही नाटकाला मागत नाही. मी मागते ते नाटकालाच दिलेल्या पैशातून. सार्वजनिक निधीतून नाट्यगृहं बांधली जातात, महोत्सव भरवले जातात, त्यांची देखभाल होते. त्यात आयुष्यभर कर भरलेल्या माणसांचाही वाटा आहे. संध्याकाळचे उशिराचे प्रयोग, उंच पायऱ्या, काळोख आणि परतायला वाहन नाही, या चार गोष्टींनी ती माणसं त्या नाट्यगृहांबाहेर राहतात. ती आत येऊ शकत नसतील तर त्यांच्या वाट्याचं नाटक त्यांच्यापर्यंत जावं, हे दान नव्हे. २०३० साली जगातली दर सहांमधली एक व्यक्ती ६० किंवा त्याहून मोठी असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतक्या माणसांना वगळून चालणारी रंगभूमी स्वतःला सार्वजनिक कशी म्हणवणार?

एक उणीव मात्र आमच्याच पदरात आहे आणि ती झाकून चालणार नाही. अशा मंडळांत येतात ती बरीचशी धडधाकट, मोकळी, थोडीफार शिकलेली माणसं. ज्यांना सगळ्यांत गरज आहे ती येऊच शकत नाहीत. आमच्या एक मावशी तालमीला यायच्या बंद झाल्या, कारण यजमानांना एकटं ठेवता येईना. स्मृतिभ्रंश वाढला होता. महिनाभर आम्ही फक्त हळहळत राहिलो, आणि हळहळण्यात महिना घालवला याचं मला आजही वाईट वाटतं. मग कुणी तरी म्हणालं, आपण फिरतं मंडळ आहोत ना? तेव्हापासून आठवड्यातली एक तालीम मावशींच्या घरी होते. यजमान खुर्चीत बसून पाहतात. कधी उठून टेबल सरकवतात. दिग्दर्शक आता ते टेबल मुद्दाम वाकडं ठेवतो. गाडी अशा तालमींसाठीही लागते, हे अर्जात कुठे लिहायचं ते आम्हाला अजून कळलेलं नाही, कारण तसा रकानाच नसतो.

तो रकाना हवा. ज्येष्ठांच्या कलेला मदत करणाऱ्या प्रत्येक योजनेत वाहन, चालक आणि सोबत जाणारं एक माणूस यांचा खर्च पहिल्या ओळीत धरला जावा. खोलीचं भाडं त्यानंतर आलं तरी चालेल, खोली कुणाच्याही घरी मिळते. नाट्यगृहांनी दुपारच्या रिकाम्या वेळा आणि जुनं नेपथ्य अशा मंडळांना द्यावं. वृद्धाश्रमांनी आम्हाला रंगमंच बांधून देऊ नये. किती जण पाहायला येतील, त्यांतले किती चाकाच्या खुर्चीत आहेत आणि खिडकीचा उजेड कुठल्या बाजूने येतो, एवढं आधी कळवावं.

यंदाचा अर्ज भरायला मी बसले तेव्हा काकू शेजारी होत्या. ‘प्रवासाचे प्रयोजन’ या शब्दांखाली चार रेघा होत्या. मी काही तरी मोठं लिहू लागले, तेव्हा त्यांनी पेन काढून घेतलं. त्यांच्या वाकड्या बोटांनी त्यांनी हळूहळू अकरा ठिकाणं लिहिली, चार रेघांत मावेनात म्हणून समासातही लिहिली. प्रत्येकापुढे दोन आकडे: किती माणसं बसतील आणि दारात किती पायऱ्या आहेत. शेवटच्या ठिकाणापुढे पायऱ्यांचा आकडा नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, “फोन केला होता. त्यांनी उतार बांधून घेतलाय, परवा सिमेंट वाळेल म्हणाले.”